माकडहाड

तक्ता मीच उतरवला.
बावीस वर्षांपूर्वी ठोकलाही मीच होता,
जीवशास्त्राच्या कपाटावर, खिडकीच्या डाव्या अंगाला.
आधी वाकलेला, मग जरा कमी वाकलेला,
मग हातात दगड, मग ताठ.
त्या ताठ उभ्याच्या पायाशी कोणीतरी कर्कटकाने
कोरून ठेवलं होतं : वारुंगसे सर.
तेव्हा सर पीटीला होते.
आता मुख्याध्यापक आहेत.

पालकसभेत एक जण उठले :
"अंजनेरीच्या सावलीत राहता
आणि आमच्या पोरांना माकडाची पोरं म्हणता?"
दुसरे म्हणाले, मासा, कासव, वराह,
हे आपल्याकडे आधीच क्रमाने लावलेलं आहे,
मग धड्यात तो परका दाढीवाला कशाला?

आहेरबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या बोटांना खडू होता.
"माकडापासून नाही. माकडं आपल्या चुलत घरातली.
पणजोबा एकच, पण फार म्हणजे फार मागचा."
चुलत म्हटल्याबरोबर
तिसऱ्या रांगेतले दोघे इकडेतिकडे बघू लागले.
मखमलाबादच्या बांधावरून
त्यांची केस चालू आहे.

मग पिंपळगावची एक बाई, पदर सावरत, तशी हळूच :
"मला धड्याचं कळत नाही.
पण भुरीवर गेल्या साली मारलेलं औषध
औंदा तिला लागतच नाही. ते का?"
"जी मेली नाही," आहेरबाई म्हणाल्या,
"तिचीच लेकरं आता तुमच्या वेलीवर आहेत."
ती बाई बराच वेळ मान हलवत राहिली.
सभा सहलीच्या वर्गणीकडे वळली.

सोमवारी चिठ्ठी आली : तक्ता काढावा. तात्पुरता.

स्टूलचा एक पाय आखूड आहे,
हे मला माहीत असायला हवं होतं,
त्याखाली पुठ्ठा मीच घालतो.

गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी
फोटो उजेडावर धरला.
"मोडलं नाही. पण माकडहाड चांगलंच दुखावलंय, पुंजाराम."
मी विचारलं, ते असतं कशाला?
ते म्हणाले, शेपटीचा बुंधा.
आणि गोळ्या लिहायला लागले.

रजेच्या अर्जात कारण लिहावं लागतं.
वारुंगसे सरांचं पेन त्या शब्दावर थांबलं.
"दुसरा शब्द नाही का?"
सर, माझी आई हाच म्हणायची.
तिची आईही हाच म्हणायची.
त्यांनी सही केली. तारीख घालायची राहिली.

रजेत पालथा पडून मी नदीचा विचार केला.
वडिलांच्या अस्थी मी रामकुंडात सोडल्या,
इथे हाडांचं पाणी होतं म्हणतात,
मी काही खाली वाकून पाहिलं नाही.
आणि कपाटात दुसऱ्या खणात
नांदूरमध्यमेश्वराकडून कोणी आणून दिलेली
एक दाढ आहे, पूर्ण दगड झालेली,
पावशेर तरी भरेल.
नदी तीच.
कुणाला विरघळवायचं आणि कुणाला ठेवायचं,
हे ती कोणत्या सभेत ठरवते?
दर शनिवारी मी मारुतीला तेल घालतो.
दर सोमवारी त्या दाढेवरची धूळ पुसतो.
हात एकच. फडकी मात्र दोन ठेवली आहेत.

परत आलो तर भिंतीवर
तक्त्याएवढा चौकोन, बाकी भिंतीहून पांढरा.
तक्ता होता तेव्हा कोणी बघत नव्हतं.
आता मधल्या सुट्टीत दहावीची पोरं
त्या चौकोनाखाली ओळीने उभी राहतात,
एक गुडघ्यात, एक पोक काढून,
एक डस्टर उगारून,
शेवटची जान्हवी, नाक वर, ताठ.

मी रबरी चकती काखेत मारून
कमरेतून वाकत, भिंत धरत आत शिरलो.
जान्हवीने एकदा माझ्याकडे पाहिलं,
मग ओळीकडे, आणि म्हणाली,
"सरका रे.
मामांना पहिला नंबर द्या."